ताट आपलं, मर्जी टोळक्याची

रविवार, रात्री ११

दुपारी सगळे मटणाच्या थाळीला गेलो होतो. आमच्यातल्या एकाला पित्ताचा चांगलाच त्रास आहे. डॉक्टरांनी तिखट बंद सांगितलंय, हे टेबलावर प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी तो पांढऱ्यावर थांबतोय म्हटल्यावर समोरून आलंच, "बायकांगत काय खातोस रं?" लगेच त्याने तांबड्याला वाटी पुढे केली. कपाळावरचा घाम बाहीने पुसत, वाटीवर वाटी. संध्याकाळी फोनवर म्हणाला, घरी येऊन दहीभात खाल्ला तेव्हा कुठे बरं वाटलं.

मला हे फार लागलं. दहीभात त्याला मनापासून आवडतो, पण आमच्यासमोर तो मागवायची त्याची छाती होत नाही. आम्ही मित्र कसले मग?

कोल्हापुरात हे जरा जास्तच आहे. पोरगा तिखट किती झेपवतो, भाकऱ्या किती हाणतो, यावर त्याचं माप काढतात. मेथीची भाजी मागवली की "आजारी हाईस काय?" याची सुरुवात घरातच होते. आमच्याकडे मटण शिजलं की नळी न मागता माझ्या ताटात यायची. ताईला ती माझ्यापेक्षा जास्त आवडायची. आई सगळ्यात शेवटी, उरलेल्या रश्श्यात भाकरी कुस्करून जेवायची. देशभराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) मांसाहार करणारे पुरुष सुमारे ८३ टक्के आणि स्त्रिया सुमारे ७१ टक्के निघाल्या. कारणं बरीच असतील, उपास-तापास, सोवळं-ओवळं. पण वाढणाऱ्या हाताला लागलेलं वळणही त्यात असणारच.

आणि ज्यांच्या नावाने ही मर्दुमकी चालते, ते पैलवान कसे जेवतात? शाहू महाराजांच्या या गावात ते बघायला लांब जावं लागत नाही. तालमीत पहाटे जोर-बैठका, मग लढती, मग खुराक. दूध, तूप, मटण आहेच. पण बदाम भिजवून, सोलून, कुंडीत घोटून थंडाई करायची ती पोरांनीच. स्वयंपाकही पाळीपाळीने तेच करतात. मानेएवढे दंड असलेला गडी मांडी घालून मन लावून कांदा चिरताना मी पाहिलाय. त्याला तिथे कुणी बायकी म्हणत नाही. आम्ही तालमीतून फक्त मटण उचललं. घाम आणि चूल दोन्ही तिथेच ठेवून आलो.

आता गल्लीतली पोरं जिममध्ये जातात आणि प्रोटीन पावडरचा डबा हप्त्यावर आणतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी असली पावडर टाळा असंच सांगितलंय. १०० ग्रॅम फुटाण्यांत २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. पण फुटाण्याच्या पुडीचा फोटो कोण टाकणार!

शेजारच्या काकूंनी आज जिन्यात थांबवून विचारलं, पोराला रोज अंडी किती उकडून द्यायची. मी म्हटलं, "काकू, त्यालाच उकडू द्या की."

"आरं, त्याला गॅस पेटवाय येत न्हाई."

उद्या कामावरून आलो की जातो त्याच्याकडे. अंडी मीच नेईन.