दोन मिलिमीटरचा गंधार

चाळिशीनंतर व्हायोलिन शिकायला घेतलं, तेव्हा पेटी बऱ्यापैकी वाजवता येत होती. पण पेटीत सूर तयार मिळतो. व्हायोलिनच्या काळ्या पट्टीवर ना पडदा, ना खूण.

सरांनी सुरुवातीला सा आणि प सोडून काही वाजवू दिलं नाही. आमच्याकडे तारा सा-प-सा-प अशा मिळवतात. खालच्या पंचमाच्या तारेवर बोटाने सा दाबायचा. तो नेमका लागला, की शेजारची सा ची मोकळी तार न छेडता थरथरते, डोळ्यांना दिसते. जरा कणसूर, म्हणजे किंचित बेसूर, झालं की ती गप्प. ट्यूनरच्या काट्यापेक्षा मला हीच परीक्षा पटली, मोबाइलकडे मान वळवावी लागत नाही.

खरी झटापट गंधाराशी झाली. भूप रागात माझा ग दर वेळी चढा लागायचा. सर म्हणाले, "अहो, तुमच्या कानात पेटी बसलीय." पेटीचं सप्तक बारा सारख्या भागांत कापलेलं असतं, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा 14 सेंटनी चढा असतो. (पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर 100 सेंट.) घरी मी मोजपट्टीच घेऊन बसलो. तार साधारण 32.5 सेंटिमीटर. तानपुऱ्याचा गंधार तिच्या पाचव्या हिश्शावर, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकापासून 6.5 सेंटिमीटरवर, पेटीचा त्याच्या दोनच मिलिमीटर पुढे. बोटाचं टोकच मुळी सेंटिमीटरभर रुंद! म्हणजे बोट सरकवायचंही नाही, नुसतं किंचित मागे कलतं करायचं.

हे हिशेबाने कळलं, हाताला मात्र तानपुऱ्यानेच शिकवलं. खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आधी तो शोधायचा, गळ्यात घ्यायचा, मग लांब गज ओढत रिषभावरून हळूहळू वर जायचं. जवळ पोचलं की सुरात एक लाट जाणवते, ती मंदावत जाते आणि थांबते. तिथेच थांबायचं. आपण मांडी घालून, व्हायोलिनचं टोक उजव्या घोट्यावर टेकवून बसतो, ते याचसाठी सोयीचं: वाद्य पेलण्याची जबाबदारी नसल्यामुळे डावा हात तारेवर मोकळा फिरतो. बोट हलवून सूर थरथरवायला सरांची सक्त मनाई होती, त्यात कणसूर लपतो म्हणून. गायकी अंग, म्हणजे गळ्यातून गावं तसं वाजवणं, काय असतं हे कळायला व्हायोलिनवादक पं. डी. के. दातारांचं वादन ऐकत राहिलो.

मध्य सप्तक आता बरंच हातात आहे. त्याच तारेवर वरच्या, तार सप्तकात गेलं की अंतरं निम्मी होतात; खाली सा ते रे 3.6 सेंटिमीटर, वर जेमतेम 1.8. तिथे अजून रोज भांडण चालू आहे. दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे झुलता गंधार कधी, असं विचारलं तर सर म्हणतात, "आधी हा तर एका जागी उभा राहू दे."