तुम्ही विचारलंत म्हणून: बायबल कॉलेज केलं, मग पाळक का नाही झालो?

अहिल्यानगरची मावशी फोनवर विचारते, पुण्याचे दाजी विचारतात, आणि आता सिडनीत नवी आलेली आपली पोरंही प्रार्थनेनंतर चहाच्या रांगेत गाठून विचारतात. "काका, बायबल कॉलेज केलंय ना तुम्ही? मग पाळक का नाही झालात?" त्याला जोडून दुसरा प्रश्न ठरलेला: पाळक नाही, मिशनरी नाही, वृद्धाश्रमात रात्रपाळी करता, मग दर ईस्टरला त्या कटुंबा गावच्या कन्व्हेन्शनला, म्हणजे ख्रिस्ती मेळाव्याला, कशाला जाता? एकदाच सगळ्यांना लिहून टाकतो, म्हणजे चहा तरी गरम पिता येईल.

दाजींच्या मते कॉलेज आणि कन्व्हेन्शनचं साटंलोटं आहे. "एकजण गिऱ्हाईक आणतो, दुसरा कापड फाडतो." दाजी, साटंलोटं नव्हे, भावकी म्हणा. 1903 मध्ये कटुंबाला पहिलं कन्व्हेन्शन भरलं ते यंग कुटुंबाच्या घरी, आणि त्या घराचं नाव होतं 'खंडाळा'. चेष्टा नाही करत. जागाही तशीच, सिडनीपासून शंभरेक किलोमीटर, हजार मीटर उंचीवर, कड्याच्या टोकाला, धुक्यासकट. त्याच घराण्यातल्या फ्लॉरेन्स यंग. क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांत बेटांवरून आणलेल्या मजुरांमध्ये त्यांनी सुवार्तेचं काम उभं केलं आणि मधली काही वर्षं चायना इनलंड मिशनबरोबर चीनमध्ये काढली. आणि 1916 मध्ये सिडनीतल्या क्रॉयडनला सिडनी मिशनरी अँड बायबल कॉलेज, म्हणजे माझं कॉलेज, काढणारे बेन्सन बार्नेट? तेही चायना इनलंडचेच. कॉलेज आणि कन्व्हेन्शन, दोघांच्या मागे इंग्लंडातल्या केझिक गावी भरणाऱ्या ख्रिस्ती सभांची हवा. पंथ अँग्लिकन की बाप्टिस्ट हे न विचारता माणूस तयार करायचा आणि पाठवायचा, ही दोन्हीकडची रीत. कन्व्हेन्शनमध्ये 'मी सेवेला जातो' म्हणून माणूस उठतो, कॉलेजात घडतो, कुठलं तरी मिशन त्याला पाठवतं, आणि रजेवर आला की तो पुन्हा कटुंबाला येऊन साक्ष देतो. ती ऐकून आणखी कुणी उठतो. डेव्हिड कुक कॉलेजचे प्राचार्य होते आणि कटुंबाच्या व्यासपीठावरही बोलायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

मीही तसाच उठलो. वचन बायबलातल्या यशयाच्या सहाव्या अध्यायातलं होतं, "हा मी आहे, मला पाठीव." माझी आजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. रमाबाई 1898 मध्ये केझिकला गेल्या होत्या, तेव्हा त्यांनी तिथल्या लोकांकडे प्रार्थना मागितली ती भारतीय ख्रिस्ती लोकांतूनच लाख पुरुष आणि लाख स्त्रिया सुवार्तेसाठी उठाव्यात म्हणून. आजी हे असं सांगायची की जणू त्या दोन लाखांत एक जागा आमच्या घरासाठी राखून ठेवलीय. मी उभा राहिलो तेव्हा मनात यशया किती होता आणि आजी किती, हे आजही मला वेगळं करता येत नाही.

कॉलेजबद्दल माझी तक्रार नाही. ग्रीकनं घाम काढला, पण शास्त्र ओळीनं वाचायला मी तिथं शिकलो. एक वचन उचलायचं आणि त्यावर तासभर रडवायचं, ही आपल्याकडची सवय तिथं सुटली.

कॉलेजनंतर मला पाठवायचं ठरवणाऱ्या मिशनच्या कमिटीचं मात्र सांगायला हवं. मिशनचं नाव घेत नाही, माणसं भली होती. तेच जास्त लागलं; कुणी खडूस असतं तर भांडून मोकळा झालो असतो. छोटी खोली, बिस्किटांची बशी, समोर चौघं. सुरुवात प्रार्थनेनं. माझ्याकडे तेव्हा भारतीय पासपोर्ट होता, त्यावर ते खूश झाले. भारतात परदेशी मिशनऱ्याला व्हिसा मिळवणं किती अवघड आहे, आणि देवानं कसा मार्ग उघडलाय! मग कागद पुढे आला. माझ्याच वर्गातल्या एका ऑस्ट्रेलियन मित्राला जो भत्ता ठरला होता, त्याच्यापेक्षा माझा पुष्कळ कमी, कारण मी 'स्थानिक सेवक'. भाषा शिकायचं वर्ष त्याला होतं, मला नव्हतं. जायचं होतं बिहारात. मी म्हटलं, मला मराठी येतं, कामापुरतं हिंदी, तिथली बोली येत नाही. एक बाई हसून म्हणाल्या, "पण तुम्ही तर घरीच जाताय."

त्यावर माझ्याकडे उत्तर होतं. माझं घर अहिल्यानगरला, तिथून बिहार किती लांब. आमच्या घरात ख्रिस्त आला तो तुमच्या या मिशनच्या जन्माआधी. आणि रमाबाईंनी मागितलेला माणूस तुमच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, तो मिशनरीही नाही आणि स्थानिकही नाही. यातलं एक अक्षर बोललो नाही. "थँक यू" म्हणालो, बिस्किट घेतलं. स्टेशनवर बायकोला फोन केला. ती म्हणाली, "पैशाचं सोड. तुला जायचंय का?" मी म्हटलं, गाडी आली, नंतर बोलू.

कमिटीला मी नकार कळवला. कित्येक वर्षं मी ही गोष्ट अपमानाची म्हणून सांगत आलोय, आणि ऐकणारे मान हलवतात. पण माझ्यातला तो जुना पोरगा, जो तेव्हा उभा राहिला होता, तो मान हलवत नाही. तो म्हणतो, पौलानं तंबू शिवले, तुला भत्ता नडला? मी म्हणतो, भत्ता नव्हे, तराजू. तो म्हणतो, मग स्वतःहून केडगावला जायचं, कुणी अडवलं होतं? मी म्हणतो, पोरगी लहान होती, घराचे हप्ते होते. तो म्हणतो, बघ, आता कसं खरं बोललास. पुढे मी इथलं नागरिकत्व घेतलं. ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं त्यावर, भारतात मिशनरी काम करायचं तर आता सरकारची खास परवानगी लागते. दार सरकारनं लावलं असं म्हणायची सोय झाली, पण त्याच्या कितीतरी आधी मीच ते लोटून घेतलेलं असावं. 'असावं' म्हणतोय. भत्ता मला आणि त्या मित्राला सारखा ठरला असता तर गेलो असतो का, कोण जाणे.

आणि मावशी, पाळक होणं हे मिशनरी न होण्याचं बक्षीस नव्हे. कॉलेज केलं म्हणून मंडळी चालवता येते असं थोडंच आहे? रात्री तीनला घाबरून उठलेल्या म्हाताऱ्याजवळ बसून मी स्तोत्र म्हणतो. याला सेवा म्हणा असा माझा आग्रह नाही. त्याचा मला पगार मिळतो.

कटुंबाला जातो ते ऐकायला. तिथं शास्त्र नीट उलगडून सांगतात, आणि सांगणारा कुठे अडखळला, कुठली ओळ गाळून पुढे गेला, हे मला कळतं. त्या दोन लाखांतल्या जागेचं काय झालं माहीत नाही, पण ऐकणारा एक माणूस कॉलेजनं माझ्यात नक्की घडवला. सगळेच उठून गेले तर समोर बसणार कोण? हा युक्तिवाद सोयीचा आहे, ठाऊक आहे मला. मिशनच्या सभेच्या वेळी मी बाहेर कॉफी घेत उभा असतो, हेही सांगून टाकतो.

मागच्या ईस्टरला पोरगी आत बसली होती, मी बाहेर. येताना गाडीत तिनं विचारलं, क्रॉयडनला एक वर्षाचा कोर्स असतो का. मी फीची चौकशी करून ठेवलीय. मावशीला अजून बोललेलो नाही.