जांबोटीचा पाऊस मे महिन्यात बघावा

खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात पाऊस बघायला माणसं जुलैत येतात. धबधबा, धुकं, गरम भजी, फोटो आणि संध्याकाळी परत. मला विचाराल तर इथं रोहिणी नक्षत्रात यावं. 25 मेच्या पुढं, आभाळात एखादा काळा ढग येतो आणि हूल देऊन निघून जातो, तेव्हा. पावसाळ्यातल्या ज्या निवांतपणावर पर्यटक भाळतो, त्याची सगळी तयारी या दिवसांत घराघरांत चाललेली असते, आणि ती बघण्यासारखी असते.

बेळगावहून पिरनवाडी, किणये करत जांबोटी, पुढं कणकुंबी आणि मग चोर्ला घाट उतरून गोवा, असा हा रस्ता. बहुतेकांना गोव्याची घाई असते. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे, तिथंही गाड्या दहा मिनिटांच्या वर थांबत नाहीत. मी उतरलो ते मामांचं घर हमरस्ता सोडून कच्च्या वाटेनं आत गेल्यावर लागतं. सोय जेमतेम. मोबाइलला रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यात, न्हाणी घराबाहेर, दुपारी उकाडा आणि पहाटे पांघरूण. पण 'बसा की, चा होऊलाय' हे ऐकल्याशिवाय कुठल्याही दारावरून पुढं जाता येत नाही आणि ताटात तांदळाची गरम भाकरी नि फणसाची भाजी असते. एवढं मिळत असताना रस्त्याकडेच्या रिसॉर्टमध्ये पैसे भरून राहण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

पहिलं काम छपराचं. इथली जुनी घरं मंगळुरी कौलांची, भिंती मातीच्या नाहीतर जांभ्याच्या. खानापुरात कौलं-विटांचा धंदा जुना आहे, माती चांगली आहे. पण कौल कितीही चांगलं असलं तरी वांदरं आणि फणसाच्या वाळक्या फांद्या वर्षभरात थोडीफार मोडतोड करतातच. मामा शिडी लावून वळचणीकडून वर चढले. पाय ठेवत होते ते नेमके रिपेच्या, म्हणजे कौलं टेकतात त्या लाकडी पट्टीच्या, रेषेवर, जिथं वरचं कौल खालच्यावर चढतं. कौलाच्या मध्यावर पाय दिला की खाली आधार नसतो, ते कटकन मोडतं. संशय आला ते प्रत्येक कौल उचलून बोटाच्या पेरानं ठोकायचं. खणखणीत वाजलं तर परत जागेवर. बद्द वाजलं तर आत डोळ्याला न दिसणारी चीर आहे, ते बाजूला. तेवढ्या वेळात खालची रीपही टोकदार खिळ्यानं टोचून बघायची. खिळा आत गेला तर वाळवी लागलेली आहे, आणि अख्खी ओळ उतरवून रीप बदलल्याशिवाय गत्यंतर नाही.

छप्पर गळतं ते बहुतेक वेळा फुटक्या कौलानं नाही, कचऱ्यानं. कौलाच्या पन्हळीत पालापाचोळा आणि शेवाळ साचलं की पाणी तुंबतं आणि बाजूच्या सांध्यावरून आत उतरतं. म्हणून काथ्याच्या कुंच्यानं प्रत्येक ओळ वरून खाली झाडून घेतात. दुसरं कारण उतार. छपराचा कल कमी असला, तीस अंशांच्या आत, तर इथला वाऱ्याचा पाऊस पाण्याला उलटं वर ढकलतो आणि ते कौलांच्या चढीखालून घरात येतं. जुन्या सुतारांनी ठेवलेला उभा कल बघितला की हे त्यांना किती नीट ठाऊक होतं ते कळतं. नव्या बांधकामात खर्च वाचवायला कल कमी केला जातो आणि मग दर पावसाळ्यात पातेली मांडायची पाळी येते. वळचणीच्या पहिल्या दोन ओळी तारेनं रिपेला बांधलेल्या असाव्यात, कारण वारा कौल उचलायला सुरुवात करतो ती तिथूनच.

आणखी एक, कौलारू घर असणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल असं. शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास कौलं लागतात. घर शाकारताना त्याच कारखान्याची चाळीस-पन्नास जास्तीची आणून भिंतीला उभी लावून ठेवावीत. दुसऱ्या कारखान्याचं कौल बघायला तसंच दिसतं, पण साचा किंचित वेगळा असतो. खोबणीत बसत नाही, बोटभर फट राहते, आणि तिथून पाणी येतंच.

मातीच्या भिंतीला पावसाची झड लागू नये म्हणून पश्चिमेच्या अंगाला झड्या लावतात. पूर्वी पिंजराच्या (भाताच्या वाळक्या काडाच्या) किंवा झावळ्यांच्या असायच्या, आता ताडपत्री आली. ताडपत्री भिंतीला घट्ट चिकटवली तर आत ओल धरून भिंतच फुगते. बांबूच्या कामट्यांवर ताणून, भिंतीपासून वीतभर लांब ठेवावी, म्हणजे मागून वारं खेळतं.

सरपणाचं वेगळं गणित. चार महिने चुलीला पुरेल एवढं लाकूड मेअखेर पडवीत रचून होतं. शेणी, म्हणजे गोवऱ्या, माघापासून थापलेल्या असतात. कडक वाळल्या की त्यांची हुडवी, म्हणजे रास, रचून वरून पिंजर घालतात आणि शेणानं लिंपून घेतात. जुलैत हुडवीच्या तळाला हात घालून काढलेली शेणी काडी लावताच पेटते. गॅस घरोघरी आहे, पण आंघोळीचं पाणी चुलीवर तापतं आणि त्या धुरानंच छपराचं लाकूड कोरडं राहतं. चूल बंद झालेल्या घराचे वासे लवकर किडतात, हे मामांचं म्हणणं मला पटलं.

आणि मग धूळवाफ. वळवाचे दोन पाऊस झाले की नांगरट, मग ढेकळं फोडायला कुळवाच्या पाळ्या. ढेकूळ फुटून माती पायाखाली पिठासारखी झाली की कोरड्या जमिनीतच कुरीनं, म्हणजे पेरणीच्या अवजारानं, भात पेरतात. एकरी तीस-चाळीस किलो बियाणं, दोन ओळींत वीतभर अंतर आणि खोली दोन बोटं, फार तर तीन. याहून खोल गेलं तर कोंब वर येईपर्यंत दमतो. याहून वर राहिलं तर पाखरं टिपतात. धोका मधल्या पावसाचा. एक सर अशी पडते की दाणा भिजून फुगतो, आणि नंतर आठ-दहा दिवस ऊन पडतं. कोंब जागेवर वाळतो, दुबार पेरणी करावी लागते. खोलगट शेतात याच्या उलट. पेरल्या पेरल्या धो-धो पाऊस झाला तर पाणी साचून बी कुजतं. म्हणून तसल्या शेतात पेरायचंच नाही, तिथं पुढं चिखल करून रोप लावायचं. कुठला वाफा पेरायचा आणि कुठला लावणीला ठेवायचा हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना पावलाखालची माती बघून कळतं.

धूळवाफेचा फायदा असा की पाऊस पडला की पीक लगेच मुळं धरतं आणि लावणीची मजुरी वाचते. तोटा एकच, पण मोठा. तण भाताबरोबरच उगवतं. मृगात आणि आर्द्रात उघडीप मिळेल तेव्हा दोन ओळींमधलं तण काढायला कोळपणी, आणि ओळीतलं तण हातानं भांगलण करून काढायचं. ते पहिल्या महिन्यात निघालं नाही तर भात त्याच्या वर येतच नाही.

जुलैत परत गेलो आणि इथून पुढचं लिहिताना मला राग आवरत नाही.

खोलगट वाफ्यांत चिखल झाला होता, रोप लावण चालू होती. रोपाला तीन आठवडे होऊन गेले की ते मुळासकट उपटून, माती धुऊन, मुठी बांधतात. चिखल केल्यावर थोडा निवळू द्यायचा, नाहीतर रोप आत बुडतं. एका जागी दोन-तीन काड्या, चार बोटांनी मुळं धरून अंगठ्यानं हलकेच दाबायचं, दोन बोटांहून खोल नाही. खोल गेलेल्या रोपाला फुटवे कमी येतात, आणि फुटवे कमी म्हणजे लोंब्या कमी. बायका ओळीनं वाकून मागं मागं सरकत लावत येतात. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हात कोपरापर्यंत आणि पाय पोटरीपर्यंत चिखलात. चपला घालता येत नाहीत. गमबूट चिखलात रुतून बसतात आणि उपसून काढले की एवढा मोठा खड्डा पडतो की तिथं रोप धरत नाही. हे काम अनवाणीच होतं.

त्या ओळीतली एक मावशी 'आई गं' म्हणून बांधावर बसली. टाचेत हिरवी काच. बिअरच्या बाटलीचा तळ, दोन इंची तुकडा. हे शेत रस्त्याला लागून आहे. शनिवार-रविवारी धबधब्याकडं निघालेल्या गाड्या रस्त्याखालच्या मोरीपाशी थांबतात, पिणं होतं, आणि रिकामी बाटली बांधाच्या दगडावर फुटते नाहीतर सरळ वाफ्यात जाते. कोरड्या जमिनीत काच दिसते, वेचता येते. चिखलात ती अंगभर माती पांघरून बसते आणि पाय पडल्याशिवाय कळत नाही. जखम स्वच्छ पाण्यानं धुतली, फडकं बांधलं, आणि दुचाकीवर मागं बसवून धनुर्वाताच्या इंजेक्शनला नेलं. टाके पडले. टाके असताना चिखलात पाय घालता येत नाही, म्हणजे लावणीच्या ऐन दिवसांतली तिची रोजची मजुरी गेली. लावणी तर थांबत नाही, रोपाचं वय उलटलं की उत्पन्न घटतं. संध्याकाळी मामींनी बांधाच्या कडेनं हात फिरवून आणखी तुकडे काढले. घमेल्याचा तळ भरला. हे सगळं निघणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. काच कुजत नाही. पुढच्या नांगरटीत ती पुन्हा वर येते, आणि तेव्हा बैलाच्या खुरात जाते.

मला पर्यटकांचं वावडं नाही. धबधबा बघावा, भिजावं, रस्त्याकडेला मिळणारी रानातली अळंबी विकत घ्यावी, चार पैसे गावात राहतील. पण बाटली गाडीत परत न्यावी. गाडी बांधावर चढवू नये. बांध दबला की पाणी तिथून फुटतं आणि वरच्या वाफ्यातलं खत खालच्यात जातं. हब्बनहट्टीला मलप्रभेच्या पात्रातला मारुती पावसाळ्यात पाण्याखाली जातो, तो काठावरून बघावा. त्या पाण्यात उतरण्याचं धाडस करणाऱ्यांना काठावरची माणसं ओरडून परत बोलावतात आणि उलट शिव्या खातात, हेही बघितलं.

भाद्रपद-आश्विन मी इथं नव्हतो. दसरा उलटून गेल्यावर आलो तेव्हा शिवार पिवळं झालं होतं आणि रात्री शेतातल्या राखणीच्या माळ्यावरून डबे वाजत होते. गवे येतात. एक कळप एका रात्रीत जेवढं खातो त्याहून जास्त तुडवतो.

सुगीचं तंत्र नेमकं आहे. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी बांधातली मोरी उघडून वाफ्यातलं पाणी काढून टाकायचं. लोंबीतले बहुतेक दाणे पिवळे झाले आणि बुडाचे दोन-चार हिरवट राहिले की विळा लावायचा. सगळेच पिकायची वाट बघितली तर दाणा शेतात गळतो आणि गिरणीत कणी जास्त पडते. कापलेलं भात दोन-तीन दिवस शेतातच वाळतं, आणि याच दिवसांत अवकाळी पाऊस आला तर कापणीचं सगळं वाया. दाण्याला मोड फुटतात. मळणीनंतरही भात उन्हात देतात. दाणा दाताखाली धरायचा. दबला तर ओला आहे, कट्कन तुटला तर कणगीत भरायला हरकत नाही. नवा तांदूळ शिजून गिचका होतो, म्हणून खायला मागल्या सालचं भात काढतात. पाव्हण्याच्या ताटात जुना तांदूळ पडतो हा इथला मान आहे.

बेळगावच्या दक्षिणेला येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या काळ्या शिवारात भात निघालं की लगेच मसूर, वाटाणा, हरभरा पडतो. पाणी द्यायचं नाही, जमिनीतली ओल आणि पहाटेचं दंव यावर पीक येतं. आभाळ ढगाळ राहिलं की मावा ही कीड पडते. शहराच्या पश्चिमेला तांबड्या जमिनीत रताळी. पावसात सरीवर लावलेले वेल अधूनमधून उचलून परतावे लागतात, नाहीतर प्रत्येक पेरावर मुळं सुटतात आणि बुडाला कंद पोसत नाही. रताळी शिवरात्रीला खाणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असावं असं मला वाटतं.

मळणीनंतरचं शेवटचं काम गवतगंजी. खाली दगड आणि त्यावर लाकडं टाकून बैठक उचलून घेतात, म्हणजे ओल आणि वाळवी वर चढत नाही. पेंढ्यांची बुडं बाहेर, शेंडे आत, आणि मधला गाभा कायम कडेपेक्षा उंच ठेवत रचत जायचं. त्यामुळं प्रत्येक थराचा कल बाहेरच्या बाजूला राहतो आणि पाणी ओघळून जातं. मध्य खचला की पाणी गाभ्यात उतरतं. बुरशी आलेल्या पिंजराला जनावर तोंड लावत नाही, आणि मग श्रावणात चारा विकत आणावा लागतो. गंजीला विजेच्या तारेची ठिणगी पुरते, रस्त्यावरून फेकलेलं थोटूकही पुरतं. म्हणून ज्यांच्याकडं जागा आहे ते गंजी रस्त्यापासून आणि तारांपासून लांब, परसात रचतात. जागा नसलेल्यांची रस्त्याकडेला असते. तिथून जाताना गाडीच्या काचा वर ठेवाव्यात आणि थोटूक गाडीतच विझवावं.