तुम्ही विचारलंत म्हणून: घरी जमलेला लूप मंचावर का अडखळतो?

"घरी तासन्‌तास नीट वाजतं, मंचावर गेलं की लूप लंगडतो. यंत्रात काही दोष असेल का?" टेबलावरचं लूप स्टेशन घेऊन काही महिने झालेल्या माणसाकडून हा प्रश्न हमखास येतो. लूप स्टेशन म्हणजे गायलेला किंवा वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून पुन्हापुन्हा फिरवणारं यंत्र, आणि तो फिरणारा तुकडा म्हणजे लूप. एकेकाला तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हटलं.

यंत्रात दोष जवळजवळ कधीच नसतो. लूप स्टेशन अतिशय प्रामाणिक आणि तितकंच निर्बुद्ध असतं. तुम्ही जे दिलं ते, चुकीसकट, दर नऊ-दहा सेकंदांनी तुमच्याच तोंडावर परत फेकतं. नुसतं गाताना झालेली चूक हवेत विरून जाते. इथे ती पुढची तीन मिनिटं फेर धरून नाचते.

टेबलावरचं म्हणजे पायानं दाबायच्या पेडलपेक्षा वेगळं, हातानं चालवायचं. प्रत्येक ट्रॅकला, म्हणजे लूप ठेवायच्या कप्प्याला, स्वतंत्र फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकती पट्टी) आणि स्वतंत्र बटणं असतात. २०१३ मध्ये आलेल्या बॉस कंपनीच्या आरसी-५०५ नं हा साचा रूढ केला: पाच स्टिरिओ ट्रॅक, पाच फेडर. २०२१ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. पुढचं बरंचसं त्या घराण्याला धरून आहे, पण तत्त्व सगळीकडे तेच.

आता सांधा. लूपचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला जिथे जुळतं तो सांधा, आणि दहापैकी आठ तक्रारी तिथल्याच असतात. १०० बीपीएमची, म्हणजे मिनिटाला १०० मात्रांची, लय धरा. एक मात्रा ०.६ सेकंदाची, चार मात्रांचा बार २.४ सेकंदांचा, चार बारचा लूप ९.६ सेकंदांचा. तुमचं बोट ५० मिलिसेकंद उशिरा पडलं तर लूप ९.६५ सेकंदांचा झाला. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो, पण कानाला ती फट कळते. पहिल्या फेरीत नाही कळत, तिसऱ्या फेरीत खुपायला लागते आणि सहाव्या फेरीत दुसरं काही ऐकूच येत नाही.

उशीर का होतो? बहुतेक जण एक-दोन-तीन-चार मोजतात आणि "चार संपली" असं वाटलं की बटण दाबतात. पण चौथी मात्रा संपली हे कळायला पुढची सुरू व्हावी लागते, तोवर वेळ निघून गेलेली असते. दुसऱ्यांदा बटण दाबणं हा लूपचा शेवट नाहीच. ती पुढच्या आवर्तनाची सम आहे. तिहाईचा शेवटचा धा जसा समेवर आपटतो तसं बोट समेवर पडायला हवं, "एक" म्हणतानाच. घाबरट माणसाची चूक उलटी होते: तो चौथ्या मात्रेच्या पोटातच दाबून मोकळा होतो आणि लूप दर फेरीला ठेच लागल्यासारखा पुढे धावतो.

आपण उशिरा दाबतो की लवकर, हे यंत्रच सांगतं. क्वांटाइझ (बटण थोडं मागेपुढे पडलं तरी लूप मात्रेला किंवा बारला आपोआप जुळवणारी सोय) बंद करा, रिदम (यंत्रातला तयार ठेका) बंद करा, कानात वेगळ्या मेट्रोनोमवर १०० ची क्लिक घ्या आणि चार बार नुसत्या टाळ्या रेकॉर्ड करा. पहिल्या लूपच्या लांबीवरून यंत्र लय काढतं आणि पडद्यावर दाखवतं. आकडा ९९.५ च्या आसपास आला तर तुम्ही साधारण ५० मिलिसेकंद उशिरा आहात. १०१ आला तर जवळजवळ ९५ मिलिसेकंद लवकर. रोज वीस वेळा केलं तर आठवड्याभरात तुमचा कल समजतो, आणि कल एकदा समजला की सुधारतो.

मग क्वांटाइझ सुरू करून मोकळं का होऊ नये? व्हावं. मंचावर ते सुरूच ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तिथे बोट घामेजलेलं असतं आणि लक्ष दहा ठिकाणी असतं. पण त्याच्या दोन खोड्या माहीत हव्यात. पहिली: ते उठाव कापतं. गाण्याची ओळ समेच्या आधी अर्ध्या मात्रेवर उचलत असेल, तर रेकॉर्डिंग समेपासूनच सुरू होतं आणि तो उठाव गळून पडतो. पहिलं अक्षर अर्धवट ऐकू येतं. 'स', 'श' नं सुरू होणाऱ्या शब्दाचा सुस्कारा मात्रेच्या किंचित आधी सुटतो, तोही जातो. उपाय सोपा आहे. रेकॉर्ड झाल्यावर यंत्र ओव्हरडबमध्ये (वाजत्या लूपवर नवा थर चढवणं) जाईल असं सेटिंग ठेवा आणि पहिली फेरी उठावाशिवाय गा. लूपच्या अगदी शेवटी, सम यायच्या आधी, तो उठाव म्हणा आणि समेवर ओव्हरडब बंद करा. लूपच्या दृष्टीनं गाण्याची सुरुवात ही त्याची शेपटी असते, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी भांडणं मिटतात.

दुसरी खोडी तालाची. यंत्र ४/४ वर आहे आणि तुम्ही सात मात्रांचं आवर्तन गाताय, तर बारला बांधलेलं क्वांटाइझ ते आठ मात्रांपर्यंत ताणतं. शेवटी एक मात्रा शांतता. लोक याला यंत्र अडकणं म्हणतात. मेमरीतला (यंत्रातल्या ज्या खणात गाणं जपून ठेवता त्यातला) ताल आधी ७/४ करा, अडकायचं थांबेल.

सांध्याबद्दल आणखी एक. रेकॉर्डनंतर यंत्र थेट प्लेमध्ये जावं की ओव्हरडबमध्ये, हा पर्याय असतो. ठेका, बीटबॉक्स, तुटक वाजवलेला गिटार यांना थेट प्ले चांगलं. समेवर बटण दाबल्यावर तोंड किंवा हात थांबवू नका, पुढची मात्रा-दोन मात्रा वाजवत राहा. ती रेकॉर्ड होत नाही, पण हात मध्येच आवरला नाही की शेवटची मात्राही घाईनं उरकली जात नाही. लांबलेला स्वर किंवा झंकारणारी तार असेल तर मात्र ओव्हरडब हवं. समेला बटण दाबा, नवीन काही वाजवू नका, आधीच्या स्वराची विरत जाणारी शेपटी दुसऱ्या फेरीच्या डोक्यावर सांडू द्या आणि मग प्लेवर जा. असं केलं नाही तर स्वर कात्रीनं कापल्यासारखा तुटतो आणि सांध्यावर टिचकी ऐकू येते.

लूप सिंक (सगळ्या ट्रॅकना एकत्र बांधून ठेवणारं सेटिंग) बंद राहिलं तर काय होतं तेही पाहून ठेवा. दुसरा ट्रॅक पहिल्यापेक्षा २० मिलिसेकंद लांब असेल, तर दहा फेऱ्यांत तो २०० मिलिसेकंद मागे पडतो. १०० च्या लयीत ही मात्रेची एक तृतीयांश. घरी एक-दोन फेऱ्यांच्या सरावात हे जाणवत नाही, पाच मिनिटांच्या गाण्यात सगळं विस्कटतं. सिंक सुरू ठेवा आणि ट्रॅकची लांबी दोनाच्या पटीत धरा: ठेका दोन बार, बेस चार, स्वरांचा पडदा आठ. तीन बारचा लूप चारवाल्याला बारा बारांनंतर भेटतो. मुद्दाम केलं तर सुरेख, चुकून झालं तर गोंधळ.

इतकं करूनही मंचावर लय मागे ओढली जाते, ती कानांमुळे. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मंचाच्या कडेला दहा मीटरवर असलेल्या मोठ्या स्पीकरचा आवाज तुमच्यापर्यंत यायला जवळजवळ २९ मिलिसेकंद लागतात. त्यावर बेतून तुम्ही दुसरा थर गायलात तर तो २९ नं मागे. त्याच्यावर बेतलेला तिसरा आणखी मागे. घरी स्पीकर हाताच्या अंतरावर असतो म्हणून हे घडत नाही. मॉनिटर (गाणाऱ्याकडे तोंड केलेला मंचावरचा स्पीकर) जवळ घ्या किंवा तारेचा हेडफोन वापरा. ब्लूटूथचा हेडफोन इथे साफ नापास आहे, त्याचा उशीर शंभर मिलिसेकंदांच्या वर सहज जातो. रिदमची क्लिक फक्त हेडफोनला किंवा सब आउटला (मुख्य आउटपुटखेरीजच्या जादा खोबणीला) जाईल अशी वाटणी सेटिंगमध्ये करा, नाहीतर ती श्रोत्यांनाही ऐकवाल. सोबत ड्रमवादक असेल तर त्याच्या कानातही तीच क्लिक हवी. माणूस लूपच्या मागे जाऊ शकतो, लूप माणसाच्या मागे जात नाही.

मॉनिटरची दुसरी बाजू अधिक वाईट. मायक्रोफोन उघडा आहे आणि स्पीकरमधून लूप वाजतोय, अशा वेळी ओव्हरडब केलं की तुमच्या आवाजाबरोबर वाजणारा लूपही पुन्हा रेकॉर्ड होतो. पुढच्या फेरीत त्याचाही पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या थराला सगळं गढूळ होतं आणि माणूस इक्वलायझरला दोष देत बसतो. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) मायक्रोफोन बरोबर पाठीमागे सर्वांत बहिरा असतो, म्हणून मॉनिटर त्याच्या शेपटीकडे ठेवा. सुपरकार्डिऑइड (समोरच्या अरुंद टापूतलं ऐकणारा) पाठीमागून थोडं ऐकतो. त्याचे बहिरे कोन समोरून मोजले तर दोन्ही बाजूंना साधारण १२६ अंशांवर असतात, म्हणून त्याला मॉनिटर मागे पण तिरका हवा. बीटबॉक्स करणाऱ्यांना मायक्रोफोनची जाळी मुठीत धरायची सवय असते. बाहेरून दणका छान येतो, पण जाळी झाकली की मायक्रोफोनची दिशा पाळायची शक्तीच जाते आणि तो सगळीकडून ऐकू लागतो. पाच ट्रॅक वाजत असताना हे परवडत नाही.

पातळीचं गणित थोडक्यात. सारख्याच जोराचे पण वेगवेगळे पाच ट्रॅक एकत्र आले की एकूण पातळी एका ट्रॅकपेक्षा सुमारे ७ डेसिबल वर जाते. एकेक थर ऐकताना मुख्य फेडर लालच्या काठावर असेल तर सगळे मिळून फाटणारच. फेडर पहिल्यापासून दोन तृतीयांशावर ठेवा, वर जायला जागा उरते. इनपुट गेन (आत येणारा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) मात्र वेगळी गोष्ट. आरसी-५०५ ची दुसरी आवृत्ती आतून ३२-बिट फ्लोटवर, म्हणजे खूप जोराचा आवाजही न फाटता हाताळणाऱ्या आकडेमोडीवर, काम करते म्हणून कितीही जोरात घ्या, असं सांगणारे भेटतात. इनपुटलाच फाटलेला आवाज आतल्या कितीही बिटांनी शिवला जात नाही. सगळ्यांत जोराचा शब्द ओरडून पाहा आणि त्यावर गेन लावा.

रिव्हर्ब (घुमारा) इनपुट इफेक्टमध्ये ठेवू नका. इनपुट इफेक्ट लूपमध्ये कायमचा शिजतो, ट्रॅक इफेक्ट वाजताना लागतो आणि हवा तेव्हा काढता येतो. चार ओले, म्हणजे घुमारा लागलेले, थर एकावर एक घातले की चिखल. सगळं कोरडं रेकॉर्ड करा, ओलावा ट्रॅकवर किंवा मिक्सरवर द्या. फिल्टर, स्लायसर (आवाजाचे तालात तुकडे करणारा), आवाज खाली नेणारा ऑक्टेव्ह हे इनपुटला चालतात. आपल्याच गळ्यातून बेस काढायचा तर ऑक्टेव्ह तिथेच लागतो.

एकाच ट्रॅकवर थरांवर थर चढवायचा मोहही आवरा. अनडू फक्त शेवटचा थर काढतं, त्याखालचे एकजीव झालेले असतात. ठेका एकावर, बेस दुसऱ्यावर, स्वर तिसऱ्यावर, कोरस चौथ्यावर. पाचवा रिकामा. काहीतरी बिघडेल तेव्हा हाच कामी येतो: नवीन ठेका पाचव्यावर रेकॉर्ड करायचा आणि बिघडलेल्याचा फेडर हळूच खाली. श्रोत्यांना वाटतं, मांडणीच तशी होती.

मांडणीबद्दल एवढंच. ९.६ सेकंदांचे पाच थर, प्रत्येकाला एक फेरी रेकॉर्डची आणि एक श्वास घ्यायची, म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आधी ९६ सेकंद गेले. इतका वेळ वीट रचताना पाहायला कोणी येत नाही. दोन थरांवर पहिलं कडवं सुरू करा आणि उरलेले गाता गाता भरा. सगळं थांबवून एका मात्रेच्या शांततेनंतर एकदम परत आणणं हा या यंत्राचा सर्वांत मोठा दागिना आहे, आणि लोक तो विसरतात.

बटणांचे अपघात. बॉसच्या यंत्रांवर स्टॉप दाबून धरलं की ट्रॅक पुसला जातो, त्यामुळे त्या बटणावर बोट रेंगाळू देऊ नका. रेकॉर्ड केलेलं मेमरीत लिहिल्याशिवाय दुसरी मेमरी निवडली किंवा वीज गेली तर ते गेलं. अडॅप्टरची वायर टेबलाच्या पायाला गुंडाळून चिकटपट्टीनं बांधा, म्हणजे कोणाचा पाय अडकला तर ताण वायरला बसतो, जॅकला नाही. बाहेरचा फूटस्विच जोडायचा तर दाबल्यावर लगेच सुटणारा घ्या. अडकून राहणारा घेतला तर एकाआड एक दाबणं वाया जातं आणि पुन्हा लूपलाच शिव्या. आउटपुटची एकच तार मिक्सरला जात असेल तर ती डाव्या-मोनो खोबणीत जाऊ द्या, नाहीतर अर्धा स्टिरिओ गायब. तार लांब असेल तर मध्ये डीआय बॉक्स (लांब तारेत खरखर शिरू नये म्हणून सिग्नल बदलून देणारी डबी) हवा. लॅपटॉप यूएसबीनं जोडल्यावर घुरघुर सुरू झाली तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं (ग्राउंडची जोडणी तोडणारं) बटण दाबून पाहा.

आणि साउंडचेकला गाण्याऐवजी शांतता रेकॉर्ड करा. सगळे स्पीकर कार्यक्रमाच्या पातळीवर, मायक्रोफोन उघडा, तोंड बंद. चार बार रेकॉर्ड करा आणि त्यावर पाच वेळा ओव्हरडब करा. आता फेडर पूर्ण वर न्या. पंख्याची घरघर, मॉनिटरची शिट्टी, शेजारच्या बोलण्याची कुजबुज, जे काही ऐकू येतंय ते तुमच्या प्रत्येक थराबरोबर आत जाणार आहे. मायक्रोफोन वळवा, मॉनिटर सरकवा, लो-कट (खालचे खर्जातले आवाज गाळणारं सेटिंग) लावा आणि पुन्हा शांतता रेकॉर्ड करा. समाधान झालं की तो ट्रॅक पुसा. न पुसता तसाच राहिला तर यंत्र त्यालाच पहिला लूप समजेल आणि तुमचा पहिला ठेका त्याच्या लांबीला बांधेल.