डाव्या बरगडीखाली

भाची दीड वर्षाची असताना तिच्या हाताची बोटं एकदम सुजली, आम्हाला वाटलं काहीतरी चावलं असेल, पण तपासणीत सिकलसेल निघाला, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात तो आजार, आमच्या गडचिरोलीकडे तो काही नवा नाही. मग एका दुपारी ती नुसती मलूल पडलेली, ओठ पांढरेफटक, पोट डावीकडे टणक. रक्त प्लीहेत, म्हणजे डाव्या बरगडीखालच्या रक्त गाळणाऱ्या अवयवात, अडकून बसलं होतं, काही तासांत हिमोग्लोबिन इतकं उतरलं की तातडीने रक्त चढवावं लागलं. खूप घाबरलो होतो. आता ताई रोज आंघोळ घालताना बरगडीखाली हात लावून बघते, प्लीहा वाढलीय का, डॉक्टरांनीच शिकवलंय तिला. आणि ताप १०१ च्या वर गेला तर घरी वाट बघत बसायचं नाही, रात्रीचे २ वाजले असले तरी सरळ दवाखाना, कारण या लेकरांना इन्फेक्शन फार झपाट्याने चढतं.