मार्क्सची नोट, कोल यांचा दर

लाइपझिगच्या जुन्या बाजारात पूर्व जर्मनीच्या नोटा अजून विकायला असतात. दहा मार्कांवर साम्यवादी नेत्या क्लारा झेटकिन, वीसवर कवी गटे, पन्नासवर एंगल्स आणि शंभरावर खुद्द कार्ल मार्क्स. भांडवलावर आयुष्यभर तुटून पडलेल्या माणसाला चलनातल्या सगळ्यात मोठ्या नोटेवर बसवणाऱ्यांना यातला विनोद कळला नसेल असं मला तरी वाटत नाही. नाणी मात्र अॅल्युमिनियमची, तळहातावर असून नसल्यासारखी. लोक त्यांना ‘अलू-चिप्स’ म्हणत.

सांगलीहून मावशीचा फोन आला की एक टोमणा ठरलेला. ‘आमच्या भाजीवालीकडेसुद्धा क्यूआर आहे, आणि तुमच्या जर्मनीत अजून चिल्लर?’ आकडे तिच्याच बाजूने आहेत. बुंडेसबँकेच्या, म्हणजे इथल्या रिझर्व्ह बँकेच्या, २०२३ च्या पाहणीत निम्म्याहून किंचित जास्त, ५१ टक्के व्यवहार रोखीत झाले होते. २०१७ मध्ये हे प्रमाण ७४ टक्के होतं. म्हणजे रोख कमी होतेय, पण आपल्याकडच्या वेगाने नाही. ‘जर्मन लोक जुन्या वळणाचे’ हे उत्तर मी काही दिवस दिलं. आता देत नाही.

या देशाची फाळणी आधी नोटांनी केली, सरकारं नंतर आली. २० जून १९४८, रविवार. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या ताब्यातल्या भागात नवा डॉइच मार्क आला, सुरुवातीला माणशी चाळीस. जुनी बचत जवळजवळ पुसली गेली. जुन्या नोटांचा लोंढा आता आपल्या ताब्यातल्या पूर्व भागात येणार हे सोव्हिएत अधिकाऱ्यांना दिसत होतं. नव्या नोटा छापून तयार नव्हत्या, म्हणून त्यांनी जुन्याच नोटांवर कागदी तिकिटं चिकटवून त्या चालवल्या. लोकांनी त्यांना नाव ठेवलं ‘वॉलपेपर मार्क’. त्याच आठवड्यात सोव्हिएतांनी पश्चिम बर्लिनची नाकेबंदी सुरू केली. दोन वेगळी राष्ट्रं जाहीर व्हायला १९४९ उजाडलं.

पुढची चाळीस वर्षं पूर्वेकडच्या सरकारला शेजारचं चलन नकोही होतं आणि हवंही होतं. त्यातून ‘इंटरशॉप’ नावाची सरकारी दुकानं निघाली. तिथे पाश्चात्त्य कॉफी, जीन्स, साबण मिळे, पण समाजवादी राज्याच्या दुकानात समाजवादी राज्याचंच चलन चालत नसे! आमच्या जिन्यातल्या आजी सांगतात की आत शिरताच कॉफीचा आणि कपडे धुण्याच्या पावडरीचा मिळून एक वास यायचा, आणि तोच त्यांच्यासाठी पश्चिम जर्मनी. १९७४ पर्यंत साध्या नागरिकाने परकीय चलन बाळगणंच गुन्हा होतं. मग ती मुभा मिळाली. १९७९ मध्ये नवी अट आली: पश्चिमेच्या नातेवाइकाने दिलेले मार्क आधी सरकारी बँकेत भरा, बदल्यात ‘फोरम चेक’ नावाच्या पावत्या घ्या आणि त्या दाखवून खरेदी करा. खरा पैसा लगेच सरकारच्या तिजोरीत, नागरिकाच्या हाती कूपन. शिवाय ‘गेनेक्स’ नावाचा कॅटलॉग होता. पश्चिमेतल्या काकांनी डॉइच मार्क भरले, की पूर्वेतल्या पुतण्याला गाडी लवकर मिळे, जिच्यासाठी शेजारी दहा-बारा वर्षं रांगेत असत. वर्गहीन समाजात दोन वर्ग होते: ज्यांचे काका पलीकडे आहेत ते, आणि ज्यांचे नाहीत ते. पक्षाच्या कुठल्याही टीकाकाराने या राजवटीचं इतकं नुकसान केलं नसेल जितकं या दुकानांनी केलं, असं माझं मत झालंय.

बर्लिनची भिंत पडल्यावर याच लाइपझिगच्या रस्त्यांवर लोक ओरडत होते, ‘डॉइच मार्क आला तर आम्ही थांबू, नाही आला तर आम्ही त्याच्याकडे जाऊ.’ तोवर रोज माणसं पश्चिमेला निघून जात होती. पश्चिम जर्मनीचे चान्सलर हेल्मुट कोल यांनी फेब्रुवारी १९९० मध्ये चलन एक करण्याची तयारी दाखवली आणि मार्चच्या निवडणुकीत त्यांच्या बाजूची आघाडी जिंकली. बुंडेसबँकेचा सल्ला होता, दोनास एक, म्हणजे पूर्वेच्या दोन मार्कांना एक डॉइच मार्क. कोल यांनी पगार आणि पेन्शनसाठी धरला एकास एक. बचतीलाही वयाप्रमाणे दोन, चार किंवा सहा हजारांपर्यंत तोच दर, त्यावरच्या रकमेला दोनास एक. साठीच्या पुढच्यांना सहा हजार. मतदार खूश झाले. कारखान्यांना मात्र १ जुलैपासून पगार पश्चिमेच्या चलनात द्यायचे होते, माल जुनाच होता, आणि पूर्व युरोपातल्या जुन्या गिऱ्हाइकांकडे ते चलन नव्हतं. लाइपझिगच्या भल्यामोठ्या सूतगिरणीत आज चित्रकारांचे स्टुडिओ आहेत. छान आहेत, पाहुणे आले की मी नेते. बुंडेसबँकेचे अध्यक्ष कार्ल ओटो प्योल यांनी १९९१ मध्ये या सगळ्याच्या परिणामांना जाहीरपणे ‘आपत्ती’ म्हटलं आणि त्याच वर्षी पद सोडलं. आजी म्हणतात, दोनास एक केलं असतं तर आम्ही सगळे म्युनिकला गेलो असतो. दोघांचंही खरं असावं.

म्हणून रोखीचा मुद्दा निघाला की इथे डावे-उजवे अशी सरळ फाळणी होत नाही. २०१६ मध्ये अर्थमंत्री वोल्फगांग शॉयब्ले यांच्या खात्याने पाच हजार युरोंवरच्या रोख व्यवहारांना बंदी सुचवली, तेव्हा डावा पक्ष, ग्रीन, उदारमतवादी आणि अतिउजवा एएफडी हे सगळे विरोधात. कुणाला पूर्व जर्मनीचे गुप्त पोलीस आठवले, कुणाला ब्रसेल्सचा, म्हणजे युरोपीय संघाचा, हस्तक्षेप दिसला. मर्यादा शेवटी ब्रसेल्सहूनच आली: जुलै २०२७ पासून युरोपीय संघात व्यापारी व्यवहारात दहा हजार युरोंपेक्षा जास्त रोख चालणार नाही. शॉयब्ले यांच्या सूचनेच्याच वर्षी, २०१६ मध्ये, नोव्हेंबरमधल्या एका रात्री आपल्याकडे पाचशे-हजारच्या नोटा गेल्या. ते इथे कुणाला सांगितलं की समोरचा आधी समजतो मी अतिशयोक्ती करतेय.

कार्डांचं राजकारणही आता उघड बोललं जातं. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी रशियातलं काम थांबवलं. तिथे देशांतर्गत व्यवहार चालू राहिले, कारण २०१४ नंतर रशियाने स्वतःची व्यवस्था उभी केली होती. युरोपला तेव्हा जाणवलं की आपलं दुकानातलं पैसे देणं बऱ्याच अंशी दोन अमेरिकी कंपन्यांवर चालतं. ‘वेरो’ ही युरोपीय बँकांची पैसे देण्याची व्यवस्था आणि डिजिटल युरो यांची घाई त्यातूनच आहे. रुपे आणि यूपीआयमुळे आपण या बाबतीत पुढे आहोत, हे मावशीला मी मोकळेपणाने कबूल करते. पण त्या भाजीवालीची रोजची विक्री कुणाकुणाला दिसते, हा प्रश्न तिला फोनवर कंटाळवाणा वाटतो.

जर्मन सरकारच्या २०२५ च्या आघाडी करारात दोन गोष्टी आहेत. दुकानांनी रोखीसोबत निदान एक डिजिटल पर्याय हळूहळू द्यावा, आणि वर्षाला एक लाख युरोंपेक्षा जास्त उलाढाल असेल तर २०२७ पासून नोंद ठेवणारं गल्ल्याचं यंत्र हवंच. आमच्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे ‘फक्त रोख’ अशी पाटी आहे. कारण विचारलं की तो नागरिकाच्या गोपनीयतेवर चांगली पाच मिनिटं बोलतो. त्याचा गल्ला म्हणजे एक लाकडी ड्रॉवर, आणि पावती मी अजून पाहिलेली नाही.