अमावास्येची रात्र, मृग नक्षत्र आणि सुटलेला फोकस

मागच्या अमावास्येला माळावर रात्र काढली ती एकाच गोष्टीसाठी: मृग नक्षत्र आणि त्यातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखालचा एम ४२ तेजोमेघ. सोबत ५० मिमीची एफ/१.८ लेन्स, ट्रायपॉड आणि रिमोट. आकाश लख्ख, वारा पडलेला. नऊला सुरुवात केली आणि तासाभरात चार-चार सेकंदांचे दीडशे फोटो झाले. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळे छान दिसत होते. सहज एक मोठा करून पाहिला आणि पोटात गोळाच आला. एकही तारा ठिपक्यासारखा नव्हता, सगळ्यांच्या फुगलेल्या चकत्या झाल्या होत्या.

चूक कुठे झाली ते लगेच कळलं. लेन्सवरच्या इनफिनिटीच्या (अनंत अंतराच्या) खुणेवर रिंग आणून मी निर्धास्त झाले होते. ऑटोफोकस लेन्सची रिंग बहुतेक वेळा इनफिनिटीच्याही पुढे जाते, कारण तापमानाप्रमाणे खरी जागा सरकते आणि त्यासाठी ती मोकळीक ठेवलेली असते. म्हणून खूण म्हणजे फक्त अंदाज. रिंग शेवटपर्यंत फिरवून ठेवणं तर त्याहून वाईट.

मग नीट बसून फोकस केला. आधी ऑटोफोकस बंद. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) पूर्ण उघडं, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) भरपूर वाढवलेला, लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट दृश्य) सुरू. मृगाजवळचा तेजस्वी व्याधाचा तारा फ्रेमच्या मधोमध आणला आणि दहापट मोठा केला. रिंग केसभर फिरवायची, हात काढायचा, थरथर थांबू द्यायची, मग बघायचं. चकती आक्रसत गेली, टिंब झाली, पुढे पुन्हा फुगायला लागली आणि कडेचा रंगही बदलला. तिथून मागे आले. नेमक्या जागी एक सुंदर गोष्ट घडते: व्याधाच्या आजूबाजूला आधी न दिसलेले मंद तारे एकेक करून उमटतात. मला ही खूण सगळ्यात भरवशाची वाटते. जागा सापडल्यावर रिंगला कागदी टेप लावली. तुमची लेन्स झूम असेल तर झूमच्या रिंगलाही लावा, आणि फोकस करण्याआधीच झूम ठरवून टाका, नंतर हलवलात तर सगळं पहिल्यापासून. काही नव्या लेन्सची फोकस रिंग इलेक्ट्रॉनिक असते. अशा लेन्समध्ये कॅमेरा बंद-चालू केल्यावर फोकस सरकू शकतो, तेव्हा बॅटरी बदलली की पुन्हा तपासा.

लांब लेन्स किंवा दुर्बीण असेल तर बाहतिनोव्ह मास्क, म्हणजे फोकस करताना पुढे लावायचं खाचांचं झाकण, जरूर घ्या. पावेल बाहतिनोव्ह या रशियन हौशी छायाचित्रकाराने २००५ मध्ये तो तयार केला. ताऱ्यातून तीन रेघा निघतात. दोन रेघांची फुली होते, आणि तिसरी त्या फुलीच्या बरोबर मध्यातून गेली की फोकस जुळला. फोटो काढायच्या आधी मास्क उतरवायला मात्र विसरू नका.

साडेअकराला फोटो पुन्हा मऊ दिसू लागले. गारठा वाढला होता, फोकस किंचित सरकला होता. तेव्हापासून दर अर्ध्या तासाला व्याधावर परत जाऊन तपासत राहिले. एकच्या सुमारास तारे फिके पडले आणि तेजस्वी ताऱ्यांभोवती धूसर वलयं आली. मी रिंगकडे हात नेला, पण टॉर्च मारून पाहिलं तर काचेवर दव. अशा वेळी रिंगला हात लावू नका. काच पुसली तरी दव पुन्हा धरतं. लेन्सच्या पुढच्या भागाला ऊब देणारी पट्टी गुंडाळा, आणि तीही दव पडायच्या आधीच.

आणखी एक ओळख सांगते. तारे सगळे एकाच दिशेला ताणलेले दिसले तर तो फोकसचा दोष नाही. पृथ्वी फिरतेय, शटरचा वेळ कमी करा. ट्रायपॉड हलला तरी तसंच होतं. इमेज स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) ट्रायपॉडवर बंदच ठेवा आणि यूव्ही फिल्टर काढून टाका.

दोनपर्यंत मृग पश्चिमेकडे कलला. शेवटचे साठ फोटो टोकदार आले. त्यात एम ४२ चा गुलाबी पंखा स्पष्ट उमटलाय, आणि बाणाचे तिन्ही तारे सुईच्या टोकाएवढे.